मामा, आधी आवाज बारीक झाला होता

सदर : उघडून बघू या



मागच्या अंकात आपण आजीचा मिक्सर उघडला होता. या वेळी विमान उघडणार आहोत. दचकू नका, मॉडेल आहे. पंख दीड मीटरचे, वजन अडीच किलोच्या आसपास आणि नाकावर ७.५ सीसीचं छोटं टू-स्ट्रोक इंजिन. हल्ली बहुतेक लोक बॅटरीवर चालणारी मॉडेल्स उडवतात आणि तेच शहाणपणाचं आहे. पण इंजिनाच्या आवाजाचा आणि धुरातल्या एरंडेलाच्या वासाचा नाद एकदा लागला की सुटत नाही.

गोष्ट दसऱ्यानंतरची. देपालपूरच्या बाजूला आमच्या एका परिचितांचं शेत आहे. सोयाबीन निघालेलं, गहू अजून पेरायचा, म्हणजे काही आठवडे आम्हाला फुकटची धावपट्टी. शेजारच्या शेतात तूर उभी होती. रविवारी सकाळी पोहे-जलेबी बांधून घेतली आणि मी, माझी नववीतली भाची आणि विमान असे तिघं निघालो. रिमोट तिच्या हातात होता. आधी वर्षभर ती कॉम्प्युटरवर सिम्युलेटर उडवत होती. उन्हाळ्यात माझ्या शेजारी उभी राहून खरं विमान उडवायला शिकली. आता टेकऑफसुद्धा तीच करते.

टेकऑफ झकास झाला. विमान चढायला लागलं आणि चाळीसेक मीटरवर इंजिन बंद पडलं. तिने नाक खाली घेतलं, पण वळून परत यायला उंची पुरली नाही. विमान सरळ तुरीत शिरलं. उजव्या पंखाची कड फुटली.

धावत जाऊन मी पहिलं वाक्य बोललो ते हे : "थ्रॉटल मागे ओढलास ना?"

"नाही मामा. मी फुल्लच ठेवला होता. आधी आवाज बारीक झाला, मग बंद पडलं."

"बारीक झाला म्हणजे ओढलाच ना! आपोआप कसा बारीक होईल?"

ती काही बोलली नाही. परतताना गाडीतही बोलली नाही. जलेबीचा पुडा तसाच राहिला.

हा "बारीक" शब्द लक्षात ठेवा. पुढे त्यावरच सगळं फिरणार आहे.

आधी थोडं इंजिनाबद्दल. आपल्या स्कूटरमध्ये पेट्रोल असतं आणि ठिणगी पाडायला स्पार्क प्लग असतो. या इंजिनात दोन्ही नसतं. इंधन असतं मेथॅनॉल, त्यात साधारण पाचवा हिस्सा तेल (एरंडेल, सिंथेटिक किंवा दोन्ही मिसळून) आणि ताकदीसाठी थोडं नायट्रोमिथेन. टू-स्ट्रोक असल्यामुळे वंगण वेगळं घालायची सोय नाही, ते इंधनातूनच येतं. एरंडेल जास्त उष्णता सहन करतं, म्हणून पहिल्या महायुद्धातल्या कित्येक विमानांच्या इंजिनांतही तेच वापरलं जायचं.

ठिणगीच्या जागी असतो ग्लो प्लग. त्यात प्लॅटिनमच्या मिश्रधातूच्या तारेची छोटी गुंडाळी असते. सुरू करताना तिला दीड व्होल्टची बॅटरी लावून लाल करायचं आणि इंजिन चालू झालं की बॅटरी काढून घ्यायची. पुढे ती तापलेलीच राहते, कारण दर फेरीतल्या स्फोटाची उष्णता तर मिळतेच, शिवाय प्लॅटिनमच्या पृष्ठभागावर मेथॅनॉलची हवेशी रासायनिक क्रिया चालू राहते. प्लॅटिनमची तार ज्योतीशिवायही ज्वलनशील वायूत लाल राहते, हे सर हम्फ्री डेव्ही यांनी १८१७ मध्ये पाहिलं होतं. मॉडेलच्या इंजिनासाठी तिचा उपयोग अमेरिकेतल्या रे आर्डेन यांनी केला आणि १९४७ मध्ये ग्लो प्लग बाजारात आला. त्याआधी एवढ्याशा विमानाला कॉइल, कंडेन्सर आणि बॅटरी वाहून न्यावी लागायची.

आता इंधनाचा रस्ता. यात पंप नसतो. इंजिनाच्या मागे प्लास्टिकची टाकी असते. टाकीच्या तोंडात रबरी बूच, बुचातून पितळेच्या नळ्या गेलेल्या. त्यातल्या एका नळीला टाकीच्या आतल्या बाजूने मऊ सिलिकॉनची नळी जोडलेली आणि तिच्या टोकाला एक छोटं वजन. त्याला क्लंक म्हणतात. विमान उलटंसुलटं झालं की इंधन जिकडे जाईल तिकडे हे वजनही पडतं, म्हणजे नळीचं तोंड कायम इंधनात बुडालेलं राहतं. सायलेन्सरमधून एक नळी टाकीत येते आणि धुराचा थोडा दाब इंधनाला मागून ढकलतो. पुढे कार्ब्युरेटरमध्ये एक सुई असते. ती उघडली की इंधन जास्त, बंद केली की कमी. इंधन जास्त झालं तर इंजिन "रिच" चालतं : आवाज जाड, धूर भरपूर, ताकद कमी. इंधन कमी पडलं की "लीन" : फेरे वाढतात, इंजिन तापतं आणि अचानक बंद पडतं. लीन चालणं जास्त वाईट, कारण इंधन कमी म्हणजे वंगणही कमी.

अजून एक आकडा. एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते, तर एक ग्रॅम मेथॅनॉलला फक्त ६.४ ग्रॅम. म्हणजे तेवढ्याच हवेत मेथॅनॉल दुपटीपेक्षा जास्त ओतावं लागतं. म्हणूनच हे इंजिन एवढं पितं आणि नळीतला जरासा अडथळासुद्धा त्याला जाणवतो.

तर, आठवडाभर पंख दुरुस्त केला आणि पुढच्या रविवारी मी एकटाच गेलो. भाचीला विचारलं होतं, ती म्हणाली, "अभ्यास आहे." मी जमिनीवर इंजिन फुल्ल चालवून बघितलं. मस्त. विमान वर सोडलं. चढताना बंद. या वेळी उंची होती म्हणून उतरवता आलं.

इथे थ्रॉटल माझ्याच हातात होता. इथेच मला भाचीला फोन करायला हवा होता. मी काय केलं? सुई अर्धा फेरा उघडली. त्याने इंजिन जमिनीवर गुरगुरायला लागलं आणि वर गेल्यावर परत बंद. तिसऱ्या रविवारी नवा प्लग, नवं इंधन आणि सुईची नवी सेटिंग असं सगळं एकदम बदललं. पुन्हा तेच.

दिवसभर मी लोकांना सांगत असतो की बग शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदला, तीन बदलल्या तर कशाने काय झालं ते कळत नाही. "माझ्या मशीनवर तर चालतंय" म्हणणाऱ्या नवीन मुलांना हसतो. आणि इथे मी तेच म्हणत होतो, जमिनीवर तर चालतंय!

भाऊबीजेला ताई घरी आली. स्वयंपाकघरात तिने हळूच सांगितलं, "ती म्हणते, मामाच्या विमानाला आता हात लावणार नाही. माझ्यावर विश्वासच नाही त्याचा." मग म्हणाली, "तू काही बोलला होतास का रे तिला?"

बोललो होतो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे तिने जे सांगितलं ते ऐकलंच नव्हतं.

जेवणानंतर विमान टेबलावर काढलं. एरंडेलाच्या वासाने आई वैतागली, पण सणाच्या दिवशी काही बोलली नाही. भाचीला म्हटलं, "त्या दिवशी काय झालं ते परत सांग. मी मध्ये बोलणार नाही."

ती म्हणाली, "आवाज बारीक झाला. गॅस बारीक करतात तसा नाही. असा," आणि तिने तोंडाने आवाज काढून दाखवला. जाडा घुर्रर्र, मग चढत चढत चिरका, शिटीसारखा ईंऽऽऽ आणि एकदम गप्प.

मी बघतच राहिलो. थ्रॉटल ओढला तर आवाज खाली येतो. हा वर चढला होता. लीन होऊन बंद पडणाऱ्या इंजिनाचा हा अगदी पुस्तकी आवाज. पहिल्याच दिवशी, पहिल्याच मिनिटात तिने निदान हातात दिलं होतं. मी "बारीक"चा अर्थ "कमी" लावला आणि तिला दोषी ठरवून मोकळा झालो.

"पण मामा, जमिनीवर चालतं आणि चढतानाच का बंद पडतं? चढताना काय बदलतं?"

या प्रश्नावरून मला एक जुनी गोष्ट आठवली. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या स्पिटफायर आणि हरिकेन विमानांत मर्लिन नावाचं नामी इंजिन होतं. पण वैमानिकाने नाक झटकन खाली दाबलं की ते क्षणभर बंद पडायचं. उंच पाळण्यातून खाली येताना पोटात गोळा येतो ना, तसंच कार्ब्युरेटरमधलं इंधनही वर उसळायचं आणि इंजिनाला मिळायचं नाही. लगेच मागून इतकं इंधन यायचं की इंजिन त्यात गुदमरायचं. जर्मन विमानांत इंधन थेट सिलिंडरमध्ये फवारलं जायचं, त्यामुळे ती खुशाल नाक खाली करून निसटायची. वैमानिक हे सांगत होते. फार्नबरोच्या सरकारी विमान संशोधन संस्थेत बिएट्रिस शिलिंग नावाच्या इंजिनिअर होत्या, मोटरसायकलच्या शर्यती गाजवलेल्या. इंजिनाला फुल्ल पॉवरवर लागेल तेवढंच इंधन जाऊ देणारी, मधे मोजून भोक पाडलेली एक छोटी धातूची चकती त्यांनी इंधनाच्या वाटेत बसवली. १९४१ च्या सुरुवातीला त्या आणि त्यांचे सहकारी तळातळावर जाऊन ती बसवत होते. दोष पूर्णपणे जायला पुढे वेगळ्या प्रकारचा कार्ब्युरेटर यावा लागला, पण तोवर त्या चकतीने वेळ निभावून नेली.

भाचीला ही गोष्ट आवडली. मला त्यातला "वैमानिक हे सांगत होते" हा भाग टोचला.

मग आम्ही कागद घेतला आणि विमान नाक वर करून उभं असल्याचं चित्र काढलं. टाकी इंजिनाच्या मागे, म्हणजे आता खाली. इंधन टाकीच्या मागच्या टोकाला. क्लंकही तिथेच, इंधनात. इंधनाला नेहमीपेक्षा थोडं जास्त चढावं लागतं, पण तेवढ्याने बंद पडायला नको. मग एक एक शक्यता घेतली. तुमच्याकडे असं इंजिन असेल तर हा क्रम जपून ठेवा.

प्लग : बॅटरी काढल्याबरोबर इंजिन मंदावत असेल तर प्लग संशयित. आमचं नव्हतं मंदावत, आणि प्लग तर नवाच होता.

इंधन : मेथॅनॉल हवेतली ओल शोषतं. पावसाळाभर झाकण सैल राहिलेला डबा वापरू नये. आमचा नवा होता.

फिल्टर आणि सुई : कचरा अडकला तर इंजिन जमिनीवरही त्रास देतं. साफ करून बघितलं, कचरा नव्हता.

टाकीची उंची : टाकीचा मध्य सुईच्या पातळीला किंवा जरा खाली हवा. बरोबर होता. टाकीभोवती स्पंज हवा, नाहीतर थरथरीने इंधनाला फेस येतो आणि नळीत बुडबुडे जातात. स्पंज होता.

नळ्या : बाहेरच्या नळीचं एक टोक बोटाने बंद करायचं, नळी पाण्याच्या वाटीत बुडवायची आणि दुसऱ्या टोकातून सिरिंजने हवा ढकलायची. भोक असेल तर बुडबुडे येतात. आले नाहीत.

राहिली टाकीच्या आतली नळी. मी म्हटलं, "ती मी स्वतः बसवली आहे, नवीन आहे." भाचीने माझ्याकडे फक्त बघितलं. मी बूच काढलं.

सिलिकॉनची नळी पितळेच्या नळीवर जिथे चढवली होती, तिथे एक चीर होती. नखाएवढीसुद्धा नाही. ताणली तरच दिसायची. पितळेची नळी मी हॅक्सॉने कापली होती आणि कापलेली कड पॉलिश पेपरने घासली नव्हती. ती धार रोजच्या थरथरीने सिलिकॉन कापत गेली.

आणि मग सगळं जुळलं. चीर टाकीच्या पुढच्या बाजूला. जमिनीवर टाकी भरलेली, विमान आडवं, त्यामुळे चीर इंधनाखाली. तिथून आत गेलं तर इंधनच जाणार, इंजिनाला फरक कळत नाही. विमानाने नाक वर केलं की इंधन मागे जातं आणि चीर उघडी पडते. मग क्लंक इंधनात असूनही नळी हवा ओढते. फुटक्या स्ट्रॉने उसाचा रस प्यायल्यासारखं. मिश्रण लीन, आवाज चिरका, इंजिन बंद. आडवं झाल्यावर पुन्हा सगळं छान. सुई कितीही फिरवली असती तरी हे बरं झालं नसतं. उलट सुई उघडून मी दोष झाकत होतो आणि इंजिन जमिनीवर विनाकारण रिच चालवत होतो.

मी म्हटलं, "तू थ्रॉटल ओढला नव्हतास. चूक माझी होती, कापताना केलेली आणि नंतर तुझं न ऐकण्याची. सॉरी."

"मी सांगितलं होतं," ती म्हणाली. एवढंच. मग उठून पॉलिश पेपर घेऊन आली.

नळीची कड तिने घासली, बोट फिरवून गुळगुळीत झाल्याची खात्री केली आणि नवीन सिलिकॉन चढवली. दुसऱ्या दिवशी शेतात आम्ही ती चाचणी केली, जी मी पहिल्याच रविवारी करायला हवी होती : इंजिन फुल्ल चालू करून विमानाचं नाक वर धरायचं. आवाज तसाच राहिला किंवा किंचित चढून स्थिर झाला तर ठीक. चिरका होऊन मरायला लागला तर उडवायचं नाही. हे मोठ्या माणसानेच करायचं, विमान मागून घट्ट धरून, प्रोपेलरच्या रेषेत कोणी उभं राहायचं नाही. मी धरलं, ती कान देऊन उभी राहिली. दहा सेकंदांनी तिने अंगठा वर केला.

चार सूचना, कारण वाचणाऱ्यांत शाळकरी मुलंही आहेत. मेथॅनॉल विष आहे, थोडं पोटात गेलं तरी डोळे जाऊ शकतात, जीवही जाऊ शकतो. तोंडाने नळी कधीही ओढायची नाही, आणि ते पाण्याच्या बाटलीत कधीही भरायचं नाही. त्याची ज्योत दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही, म्हणून सांडलेलं इंधन पुसल्याशिवाय बॅटरी लावायची नाही. प्रोपेलर फिरत असताना सुई फिरवायची झाली तर मागून. आणि उडवण्याआधी सरकारच्या वेबसाइटवरचा नकाशा बघा. विमानतळाजवळच्या भागांवर बंधनं आहेत. बिजासन टेकडीवरून विमानं बघायची, उडवायची नाहीत.

त्या दिवशी तिने टेकऑफ केला. विमान चढलं, पन्नास मीटर, साठ, ऐंशी. आवाज जाड आणि एकसारखा. मी आकाशाकडे न बघता तिच्याकडेच बघत होतो. ती म्हणाली, "मामा, वर बघा. माझ्याकडे बघून काय कळणार?"

तुमच्या घरातही असं काही असेल, जे एका जागी चालतं आणि दुसरीकडे रुसतं. कळवा, पुढच्या अंकात उघडून बघू या. फक्त कळवताना ते वापरणाऱ्याला आधी विचारा, नेमकं काय झालं, आणि त्याचेच शब्द लिहून पाठवा. "बारीक" म्हणाला असेल तर कसा बारीक, तेही.